हेदवीच्या सड्यावरची दुपार : एकटीने केलेल्या सायकलप्रवासातला पाचवा दिवस

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांना इथे नुसतं 'ताई' म्हटलं आहे. मार्ग, दिवसांचा क्रम आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन चुका माझ्या आहेत. प्रवासाचा आराखडा मी करून दिला होता आणि रोज संध्याकाळी त्यांचा फोन मलाच यायचा.

पार्श्वभूमी

ताई 44 वर्षांच्या. एका मोठ्या रुग्णालयात वीसेक वर्षं परिचारिका आहेत. सायकल सहा वर्षं चालवतात. पुण्याहून वाई, महाबळेश्वर, एकदा पंढरपूर, असं सगळं त्यांनी गटासोबत केलं होतं. सामान लादून एकटीने आठवडाभर जाणं मात्र पहिल्यांदाच होतं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, त्यांना अकरा दिवसांची रजा मिळाली. मार्ग ठरला रायगडातल्या मांडव्यापासून गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने, सुमारे सहाशे किलोमीटर. नऊ दिवस सायकल, एक दिवस परतीचा आणि एक दिवस हाताशी. हा हाताशी ठेवलेला दिवस मी सगळ्यात शेवटी टाकला. ही माझी पहिली चूक.

हा रस्ता ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नकाशावर तो समुद्राला चिकटून जाताना दिसतो, म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात गावं खाली, खाडीकाठी किंवा पुळणीजवळ असतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर मधला जांभ्या दगडाचा सडा ओलांडावा लागतो. दोन-तीन किलोमीटरचा उभा चढ, मग उघडा सपाट सडा, मग तितकाच उभा उतार, आणि खाली पोचलात की पुढचा चढ समोर. चढ एकेकटा मोठा नसतो. पण दिवसात असे पाच-सहा झाले की 65 किलोमीटरमध्ये हजार-अकराशे मीटरची चढाई होते. ताईंच्या सायकलवर 14 किलो सामान होतं.

शिवाय मध्ये खाड्या आहेत. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला-वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड, अशा फेरीबोटी आहेत. फेरीबोट म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती, पण तीच वेळेची दोरीही असते. अमुक वाजता धक्क्यावर पोचायचंय हा विचार सकाळपासून मागे लागतो.

अडचण कशी साचत गेली

पहिले तीन दिवस छान गेले. मुरूड, हरिहरेश्वर, मग केळशी-आंजर्ल्यावरून हर्णै. ताई रोज रात्री डायरी लिहीत. रुग्णालयातली सवय म्हणून सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून लिहीत. घरी साठच्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी 62, तिसऱ्या दिवशी 66, चौथ्या दिवशी 70. आकडे त्यांनीच मोजले आणि लिहिले, पण सलग वाचले नाहीत. मीही कधी विचारले नाहीत.

आणि भेटी होत होत्या. या प्रवासातलं सगळ्यात सुंदर ते हेच, असं ताई आजही म्हणतात. एकटी बाई सायकलवर सामान घेऊन चालली आहे म्हटल्यावर कोकणात कुणी तिला तशी पुढे जाऊ देत नाही. "चहा तरी घेऊन जा." दिघीच्या धक्क्यावर मासे घेऊन आलेल्या बायका, केळशीत शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या मुली, दापोलीच्या वाटेवर सायकलची साखळी पुसायला चिंधी देणारा गॅरेजवाला. त्यांची यादी त्यांच्या डायरीत आहे, चार दिवसांत सत्तावीस जण.

यातल्या प्रत्येक भेटीला वीस मिनिटं लागतात. ताईंचा स्वभाव असा की कुणाला तोडून बोलायचं नाही. तीच उत्तरं, तेच हसू, दिवसातून सात-आठ वेळा. चांगल्या माणसांशी बोलण्यातही ताकद खर्च होते आणि ती कुठल्या आराखड्यात धरलेली नसते. सकाळचा गारवा चहात जातो आणि चढ उन्हात येतो.

चौथ्या दिवशी दाभोळची फेरीबोट ओलांडून त्या संध्याकाळी गुहागरला पोचल्या. ज्या घरी उतरल्या होत्या तिथे तुळशीचं लग्न होतं. ऊस, चिंचा, आवळे, बोरं, अंगणात मंगलाष्टकं, मग फटाके, मग शेजारच्या अंगणातलं दुसरं लग्न. ताईंना अंतरपाट धरायला लावलं. झोपायला साडेअकरा झाले. फोनवर त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला हेवा वाटला. "उद्या जरा उशिरा निघा" इतकंच मी म्हणालो. या मार्गावर तो अगदी उलटा सल्ला होता. उशिरा उठणं चाललं असतं, पण मग त्या दिवशी निघायलाच नको होतं.

पाचवा दिवस

सकाळची नाडी 76. नेहमीपेक्षा सोळा ठोके जास्त. हीच वाढ ताईंच्या एखाद्या रुग्णात दिसली असती तर त्यांनी त्याला पलंगावरून उठू दिलं नसतं. डायरीत आकड्यापुढे लिहिलंय, "झोप कमी. होईल ठीक."

घरच्यांनी घावणे केले होते, त्यांना नाही म्हणवेना. साडेसहाऐवजी आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्या निघाल्या. खाणं मात्र दोनच घावणे, कारण भूक नव्हती. चार दिवस जोर लावलेल्या माणसाला सकाळी भूक नसणं हीसुद्धा एक खूणच. त्या दिवशी पारा 34 वर होता. हा आकडा विदर्भातल्या वाचकांना किरकोळ वाटेल. पण किनाऱ्यावर हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. ओघळला तर पाणी आणि मीठ जातं आणि उष्णता अंगातच राहते.

पालशेतनंतरच्या चढावर ताईंना उन्हात अंगावर काटा आला. थंडी वाजल्यासारखं झालं. त्या उतरल्या आणि सायकल ढकलत वर आल्या.

वेळणेश्वरच्या अलीकडे एका दुकानापाशी त्या पायरीवर बसल्या असताना एक टेंपो थांबला. आत दोघे होते, मागे रिकामी क्रेटं. "हेदवीपर्यंत सोडू का? सायकल मागे टाकू." ताई नाही म्हणाल्या. दोघांनी आग्रह केला नाही. एक जण उतरून दुकानातून गार पाण्याची बाटली घेऊन आला, त्यांच्या शेजारी ठेवली आणि ते निघून गेले.

या नकारावर आम्ही नंतर तासन्‌तास बोललो आहोत. ताईंच्या मनात तेव्हा दोन कारणं होती. अनोळखी दोन पुरुषांच्या गाडीत एकटीने बसायचं नाही, हे एक. सगळा रस्ता सायकलवरच करायचा, मध्ये गाडीत बसलं तर तो आपला प्रवास राहत नाही, हे दुसरं. पहिलं कारण रास्त आहे आणि कुठल्याही बाईने ते कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दुसरं कारण त्या घडीला घातक होतं. ताई म्हणतात, "मला वाटलं मी पहिल्या कारणाने नाही म्हणाले. पण ते गेल्यावर माझ्या मनात आलं, बरं झालं, सायकलचा प्रवास मोडला नाही." थकलेल्या डोक्यात ही दोन कारणं वेगळी होत नाहीत. आणि वेगळी झाली असती तर तिसरा मार्ग दिसला असता. दुकान समोर होतं, दुकानदारीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या. त्यांना विचारून ओळखीची रिक्षा बोलावता आली असती.

पावणेएक वाजता ताईंनी मला फोन केला. नेहमीची वेळ संध्याकाळची, तरी दुपारी फोन आला याचं मला काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "जरा हळू चाललंय, पण ठीक आहे. वेळणेश्वर आलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे दशभुज गणपती आहे ना?" ते देऊळ हेदवीला. मी म्हटलं, "ते हेदवीला." त्या म्हणाल्या, "हो, वेळणेश्वरलाच आहे मी." मी हसून सोडून दिलं आणि वर सांगितलं, "तवसाळची फेरी गाठा, पलीकडे गेलात की जिंकलंत." ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. त्या तेव्हा हेदवीत होत्या. ज्या गावात उभ्या आहेत त्याचं नाव त्यांना सांगता येत नव्हतं आणि मी त्यांना पुढे ढकललं.

हेदवीच्या पुढे सड्यावर त्या एका फाट्याला चुकीच्या बाजूला वळल्या. दीड-दोन किलोमीटर उतरून गेल्यावर रस्ता वाडीत संपला. तो चढ परत चढताना त्यांना उलटी झाली. फाट्यावर एसटीच्या थांब्याची शेड होती. दोन वाजायला आले होते. सायकल आडवी टाकून त्या आत बसल्या आणि रडायला लागल्या. कशासाठी ते त्यांना आजही सांगता येत नाही.

समोर असलेले पर्याय

आता शांतपणे बघितलं तर त्या शेडमध्ये त्यांच्यापुढे पाच वाटा होत्या.

तवसाळ दहा-बारा किलोमीटर, शेवटी मोठा उतार. पुढे जाणं ही एक. मागे हेदवीला वळून मुक्काम करणं ही दुसरी, तीन-चार किलोमीटरची. एसटीची वाट बघणं ही तिसरी. वेळ माहीत नव्हती आणि सायकल चढवून घेणं चालक-वाहकाच्या मर्जीवर. ऊन उतरेपर्यंत, चारपर्यंत, तिथेच पडून राहणं चौथी. मदतीसाठी फोन करणं पाचवी.

ताईंच्या डोळ्यांपुढे तेव्हा एकच होती, पहिली. "फेरी, फेरी, इतकंच डोक्यात होतं," त्या सांगतात. थकवा पायात येतो तो कळतो, पायडल जड होतं. डोक्यात येतो तो कळत नाही, कारण ज्याने कळायचं तेच थकलेलं असतं. पाच वाटांपैकी चार दिसेनाशा होतात आणि उरलेली एक आपणच निवडली असं वाटतं. उताराचं काय झालं असतं याचा विचार मी टाळतो. हात बधिर झाले होते आणि वळणावळणाच्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येणार होता.

काय झालं, काय केलं

भाताची कापणी उरकली होती. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन एक आजी रस्त्याने येत होत्या. शेडपाशी त्यांनी भारा उतरवला.

"बाय, कुठनं आलीस? येकटीच?"

ताईंनी सवयीने उत्तरं दिली. पुण्याहून, हो एकटीच, गोव्याला. आजींनी पुढे काही विचारलं नाही. जवळ येऊन हात धरला आणि म्हणाल्या, "तुझा हात बघ कसा लागतोय. तोंड पांढरं पडलंय. चल घरी." ताई म्हणाल्या, "फेरी चुकेल." आजी म्हणाल्या, "फेरी उद्यापन हाय."

सत्तावीस जणांनी चार दिवसांत ताईंना विचारलं होतं, कुठून आलात, भीती नाही वाटत का, किती किलोमीटर होतात. ओठांकडे, हाताकडे पहिल्यांदा कुणी बघितलं ते या आजींनी. मी फोनवर होतो, मला दिसणं शक्य नव्हतं. पण मी ऐकलंही नव्हतं.

सायकल शेडमध्येच ठेवून त्या शंभर पावलांवरच्या घरी गेल्या. पडवीत चटई टाकून आजींनी त्यांना आडवं केलं, पायांवर आणि मानेवर गार पाणी ओतलं. चहा दिला तो उलटून पडला. मग थोड्या वेळाने कोकमाचं आगळ पाण्यात घालून घोट घोट दिलं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तो मुळातच खारा असतो. अर्ध्या तासाने मीठ घातलेली तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड. उन्हातून दमून आलेल्या माणसाला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेच दिलं जातं. मीठ, पाणी, पचायला हलकं पिठूळ अन्न, अंगाला त्या वेळी जे हवं ते सगळं त्यात आहे.

ताईंच्या पिशवीत तळाशी, औषधांच्या डबीत, जलसंजीवनीची (ओआरएसची) सहा पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं. सकाळपासून त्या साधारण चार लिटर नुसतं पाणी प्यायल्या होत्या. एक लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त. ते भरून न काढता पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण सुरू होतं. हे ताई इतरांना शिकवतात. पण जलसंजीवनी त्यांच्या मनात औषध होती, आजारी माणसाची. सायकलच्या बाटलीशी तिचा संबंध त्यांनी जोडलाच नव्हता.

आजींनी वाडीतल्या आशाताईंना, म्हणजे 'आशा' आरोग्य सेविकेला, बोलावलं. त्यांनी ताप मोजला, 38.3 अंश सेल्सिअस, आणि सरळ सांगितलं, आरोग्य केंद्रात जायचं. रिक्षाही त्यांनीच आणली. केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्तदाब 96/60 आणि साखर 68 बघितली, सलाइनची एक बाटली लावली, दोन तास झोपवून ठेवलं. त्यांचं निदान : उन्हाने आणि श्रमाने आलेली अवसन्नता, म्हणजे अंगातलं त्राण जाणं. उष्माघात नव्हे, पण त्याच वाटेवर. दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही, पाणी जलसंजीवनी घालूनच प्यायचं, गोंधळ किंवा उलटी पुन्हा झाली तर लगेच यायचं.

संध्याकाळी मला फोन आला तो आशाताईंचा. तोवर मी निर्धास्त होतो.

परिणाम

ताई आजींकडे तीन रात्री राहिल्या. आजींचा मुलगा मुंबईला, घरात त्या एकट्याच. पैसे घेणार नाहीत हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी आशाताईंच्या यंत्रावर वाडीतल्या अठरा जणांचा रक्तदाब मोजला. दोघांचा बराच वाढलेला निघाला, त्यांना केंद्रात पाठवलं. परतफेडीची ही रीत ताईंना शोभणारी होती. तरी मला ती तेव्हाही पटली नव्हती. विश्रांती सांगितलेल्या माणसाने दोन तास बसून अठरा माणसांशी बोलणं ही विश्रांती नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी 68 होती, चौथ्या दिवशी 63. मग त्या निघाल्या.

तवसाळची फेरी सकाळी आठला, दुपारच्या आत गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी आरे-वारे करत रत्नागिरी. तिथे त्या थांबल्या. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर झाले होते, रजेचे दोन दिवस उरले होते. पावस, पूर्णगडपर्यंत आणखी एक टप्पा सहज झाला असता. पण परतायला गाडी रत्नागिरीतून सोपी. सायकल पार्सल डब्यात टाकून त्या रेल्वेने पनवेलला आणि तिथून घरी आल्या. कामावर वेळेत रुजू झाल्या. तीन आठवडे चढावर दम लागत होता, मग गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी आराखडा. मोकळा दिवस शेवटी ठेवला तर तो कुणी वापरत नाही, कारण तोवर प्रवास संपलेला असतो किंवा माणूस. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी असायला हवा होता आणि हर्णै किंवा गुहागर ही त्यासाठी चांगली ठिकाणं होती. तुळशीच्या लग्नाची रात्र मग निवांत झाली असती. अंगाला उष्ण, दमट हवेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पुण्याच्या गार सकाळींत केलेला सराव त्यासाठी पुरत नाही. पहिले तीन टप्पे चाळीस किलोमीटरच्या आत ठेवायला हवे होते.

नाडीचा नियम निघण्याआधी लिहून ठेवायला हवा होता : नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल तर त्या दिवशी निम्मं अंतर, पंधराने जास्त असेल तर मुक्काम. नियम आधी केला तरच उपयोग. त्या सकाळी करायला बसलं की "होईल ठीक" हेच बाहेर येतं.

फोनवर "कशा आहात?" विचारणं मी बंद केलं आहे. आता विचारतो ते असं : शेवटची लघवी किती वाजता, रंग कसा? सकाळपासून काय काय खाल्लं? मागची तीन गावं कोणती? उत्तर अडखळलं तर पुढचं वाक्य ठरलेलं आहे, "जिथे आहात तिथेच सावलीत बसा, जवळच्या बाईमाणसाला फोन द्या." त्या दुपारी मी एवढं जरी विचारलं असतं तर तिसऱ्या प्रश्नालाच मला सगळं कळलं असतं.

जलसंजीवनी आता ताईंच्या हँडलवरच्या पिशवीत असते. दोन बाटल्यांपैकी एकीत ती, एकीत साधं पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. कोकणात असाल तर कुठल्याही घरी आगळ मिळतं.

भेटींचं काय करायचं, हे मला अजून नीट सुटलेलं नाही. भेटी कमी करा असं मी कधीच सांगणार नाही, त्यातल्या एकीनेच ताई वाचल्या. पण सकाळी दहापर्यंत वाटेत कुठे थांबायचं नाही आणि चहा उन्हाच्या वेळी, सावली हवी असते तेव्हा घ्यायचा, इतकं ताईंनी स्वतःच ठरवलं आहे.

टेंपोबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणतो, दुकानदारीणबाईंना मध्ये घालून, गाडीचा क्रमांक मला कळवून बसायला हरकत नव्हती. ताई म्हणतात, त्या अवस्थेत क्रमांक वाचून कळवणं त्यांना जमलं नसतं, आणि स्वतःला सांभाळता येत नसेल तेव्हा तर अनोळखी गाडीत मुळीच बसायचं नाही. रत्नागिरी ते तेरेखोल हा उरलेला रस्ता त्या फेब्रुवारीत करणार आहेत. त्याचा आराखडा या वेळी त्यांनी स्वतः केला आहे. रोज चाळीसच्या आत, आणि चौथ्या दिवसापुढे फक्त 'देवगड, मुक्काम' असं लिहिलंय.